विळी आणि बाकावरची जागा

मी, अहिल्या श्रीपाद देवस्थळी, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, राहणार द्वारका, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांनी फार आशा दाखवलेली नाही. डोके मात्र जागेवर आहे, आणि कोणी दटावून लिहवून घेईल अशी मी बाई नाही, हे माझ्या ऑफिसात कोणालाही विचारावे.

१. फ्लॅट. सरोजिनी नगरचे सरकारी क्वार्टर सोडून हक्काच्या घरात जायचे म्हणून माझे पती श्रीपाद घरबांधणी सोसायटीचे सेक्रेटरी झाले. ठेकेदार खांबांत वाळूच भरतो आहे हे दिसल्यावर त्यांनी काम थांबवले. १९९६ च्या एका रविवारी आम्ही दोघे साइट पाहायला गेलो असता ठेकेदाराने अंगावर जीप घालून त्यांना ठार केले. चालवणारा तोच होता. मी लांब नव्हते, अगदी शेजारी होते. त्याचे नाव या कागदावर मी लिहिणार नाही.

फ्लॅट मुलगा जयदीप आणि सून सृष्टी यांना निम्मा निम्मा. जयदीपने त्या माणसाला बोट जरी लावले तर त्याचा हिस्सा सृष्टीचा. ही अट का, ते पुढे येईल.

२. आमच्यावर निघालेला हिंदी पिक्चर. त्याची सीडी कचऱ्यात टाकावी. दिग्दर्शक घरी आला, माझ्या हातच्या करंज्या खाल्ल्या, मला विळीवर नारळ खवताना पाहून म्हणाला, "आंटी, ये तो हथियार है." निदान पडद्यावर तरी खरे दिसेल म्हणून 'ही माझीच कहाणी' अशा संमतीच्या कागदावर मी सही दिली. पिक्चरमध्ये नवरा मरतो तेव्हा बायको घरी नारळ खवत बसलेली असते. मग तीच विळी घेऊन ती एकेकाला कापत सुटते. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

पुढे उलटतपासणीत ठेकेदाराच्या वकिलाने ती सही पुढे केली. "मॅडम, आपकी अपनी कहानी में बीवी घर पर है. फिर आपने देखा क्या?" मी खरे तेच सांगितले, पण सरकारी वकील बाहेर येऊन म्हणाले, केस हलकी झाली. दिग्दर्शकाला मी माफ केलेले नाही. तेराव्याला आला तर पाणीही विचारू नये.

३. विळी. माझ्या सासूबाईंची. गेल्या महिन्यात जयदीपने तिचे पाते पाटापासून सोडवले आणि धार लावून आणले. विचारले तर म्हणाला, "आई, कोर्टात काही होणार नाही यार. पिक्चरमध्ये दाखवलं तेच बिल्कुल बरोबर आहे."

"पिक्चरमधल्या बाईला मुलगा नव्हता," मी म्हटले.

तो उठून गेला. मला त्याच्याबद्दल फार भीती वाटते. नवरा गेला, मुलगाही तुरुंगात गेला तर त्या माणसाने आमचे पूर्ण घर खाल्ले असे होईल. पाते मी सुताराकडून पुन्हा पाटात ठोकून घेतले आहे. विळी सृष्टीची, स्वयंपाकघराबाहेर जाणार नाही.

४. पाटल्या सृष्टीला. मोठा कुकर शेजारच्या अरुणाताईंचा आहे, आठवणीने परत द्यावा.

५. कोर्टातली माझी जागा. दुसरा बाक, भिंतीकडची. ही जयदीपला.

प्रत्येक तारखेला मी तिथे बसते आणि त्या माणसाकडे बघते. दुसरे काही करत नाही. सुरुवातीला तो हसायचा. आता जामिनावरचा तो म्हातारा औषधांची पिशवी घेऊन येतो आणि आत शिरताच आधी भिंतीकडे बघतो, मी आले आहे का ते. मागच्या तारखेला मला अंथरुणातून उठवेना. सृष्टी कोर्टाच्या दाराशी उभी होती. ती सांगते, रिकामा बाक बघून तो खुर्चीत सैलावला आणि स्वतःच्या मुलाला चहा आणायला सांगितला.

जयदीप, त्याला पुन्हा तसा चहा पिऊ देऊ नकोस. हात रिकामे ठेवून जा, आणि माझ्या जागेवर बस.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

अहिल्या श्रीपाद देवस्थळी

साक्षीदार:
अरुणा विठ्ठल गोखले, शेजारीण
विश्वास रामचंद्र पेठे, निवृत्त सहकारी

द्वारका, नवी दिल्ली
१४ नोव्हेंबर २००६