फॉइस्ट करणार नाही

पप्पा,

काल तुमचा शब्द माझ्या तोंडून गेला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला नात आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती, म्हणून हे आधी सांगते. यंदा ती इंजिनिअर झाली. दोन नोकऱ्या चालून आल्यात, एक इथे चाकणला, जिची बस आमच्या सोसायटीच्या गेटवरून जाते, आणि दुसरी थेट चेन्नईला. सोमवारी कळवायचंय. काल मी पोळ्या लाटत असताना ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तू सांग ना, काय करू?" मी मान वर न करता म्हणाले, "मी तुझ्यावर काहीही फॉइस्ट करणार नाही." असला ठेवणीतला शब्द आपल्या आईला कुठे सापडला म्हणून ती आधी हसली.

कुठे सापडला ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा आपण आकुर्डीच्या चाळीत राहायचो. तुम्ही चिंचवडच्या कारखान्यात लेथवर होतात आणि युनियनच्या कमिटीतही. एका संध्याकाळी तुम्ही वकिलाने मॅनेजमेंटला लिहिलेल्या पत्राची कॉपी घेऊन आलात. ओव्हरटाइम कामगारांवर फॉइस्ट केला जातोय, असं त्यात होतं. मला डिक्शनरी काढायला लावलीत. नको असलेली गोष्ट दुसऱ्याच्या गळ्यात मारणे, असा अर्थ मी वाचून दाखवला तेव्हा तुमचा चेहरा काय खुलला होता. म्हणालात, "गळ्यात मारू नका म्हटलं की भांडण वाटतं. फॉइस्ट म्हटलं की मुद्दा होतो." मग काय, एकही गेट मीटिंग त्या शब्दावाचून पार पडेना. चाळीत पाण्याच्या पाळ्या ठरवतानाही तुम्ही तो वापरलात आणि शेजारच्या काकू आईला विचारायला आल्या, की भाऊ आम्हाला नेमकं काय म्हणाले.

घरात तर तुम्ही सभाच चालवायचात. रविवारी कुठली भाजी करायची यावर हात वर करायला लावायचात. आई दोडक्यासाठी हात वर करायची, मी बटाट्यासाठी, आणि तुम्ही मांडी घालून गंभीरपणे बसायचात. अध्यक्षानं मत द्यायचं नसतं, म्हणे. आई वैतागून म्हणायची की अध्यक्षांना उपाशी ठेवलं की कळेल. शेवटी ती दोन्ही भाज्या करायची. तुम्हाला कुठली आवडते ते मला अजून माहीत नाही, पप्पा. आईलाही नक्की सांगता येत नाही.

मग ते वर्ष आलं. कायम कामगाराने मुदतीआधी निवृत्ती घेतली तर त्याच्या एका मुलाला किंवा मुलीला कामावर घ्यायचं, असं कंपनीनं ठरवलं. तुमच्या बरोबरीच्यांनी घरी विचारलंही नाही, सरळ मुलांची नावं देऊन मोकळे झाले. तुम्हाला मी एकटीच. बी.कॉम. झाले होते, स्टोअरमध्ये सहज लागले असते. तुम्ही मला समोर बसवून सगळे नियम समजावलेत, फायदे-तोटे सांगितलेत. मी विचारलं, मी काय करू? तुम्ही तेच म्हणालात, की मी तुझ्यावर काही फॉइस्ट करणार नाही. आणि उठून शर्टाला इस्त्री करायला लागलात. मी तुमच्या पाठीकडे बघत बसले होते. ती पाठ मला आत्ताही दिसतेय. तुम्ही शर्ट उलटा करता, कॉलर दाबता, आणि मी वाट बघतेय, की आता वळतील, आता काहीतरी बोलतील.

तुम्ही वळला नाहीत. मी समजले की तुमच्या कारखान्यात मी तुम्हाला नकोय. म्हणून नाही म्हणाले आणि दुसरीकडे चिकटले. तुम्ही पूर्ण मुदतीपर्यंत लेथवर उभे राहिलात. माझ्या कामाच्या पहिल्या दिवशी आईने नवा तीन पुडांचा डबा हातात दिला, भिशीत मिळाला म्हणाली. तोच डबा घेऊन मी अजूनही चाकणला कामाला जाते.

गेल्या दिवाळीत तो घासताना आई सहज बोलून गेली, की भिशी कसली, तुम्हीच आणला होता, नियम जाहीर झाले त्याच आठवड्यात. मला तुमच्या जागी लावायचं म्हणून. मी हातातलं काम टाकलं. मग पप्पा बोलले का नाहीत, म्हणून विचारलं. आई तिच्या बीडच्या बोलीत म्हणाली, "तू हो म्हणली असतीस ना, म्हणूनच नाही बोलले. आता इचारून काय व्हायलंय?"

तेव्हापासून मी हे उलटसुलट करून बघतेय आणि मला काही कळत नाही. हा माझा मान ठेवणं होतं, की नुसतं अंग काढून घेणं? कधी तुमच्याबद्दल भरून येतं, कधी असा राग येतो की तो डबा फेकून द्यावासा वाटतो. एकदा तरी लादायचं होतंत ना काहीतरी. मी भांडले असते, कदाचित ऐकलंही नसतं. पण तुम्हाला मी हवी होते, एवढं तरी कळलं असतं. आणि ज्यांचे बाप लादणारे होते त्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या मला वेड्यात काढतील, तेही खरंच आहे.

काल हसून झाल्यावर पोरगी म्हणाली, "म्हणजे मी राहिले काय, गेले काय, तुला सारखंच." मी पोळी उलटली. तव्यावरची ती पोळी करपली तरी मी पोरीकडे वळले नाही. ती जेवली आणि तिच्या खोलीत गेली.

मला ती इथेच हवी आहे, पप्पा. चाकणला, संध्याकाळी घरी येणारी. हे तिला सांगितलं तर ती राहील, म्हणून सांगवत नाही. तुम्हाला मात्र बिनधास्त सांगतेय, कारण तुमच्याकडून ते तिच्यापर्यंत जाणार नाही.