मार्करची लेक

बाबा,

आज डोकं इतकं फिरलंय, की कुणावर तरी ओरडल्याशिवाय घास उतरायचा नाही. शाळेत ओरडायची सोय नाही. घरी नवरा ड्यूटीवर, आणि इथल्या हिंदी-तेलुगूत वाढलेल्या पोराला आईची मराठी नीट कळत नाही, वाचता तर अजिबात येत नाही. राहिलात तुम्ही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणजे उलटून बोलायची भीती नाही. तसे तुम्ही जिवंतपणी तरी कुठे उलटून बोलायचात! ‘हौ साब, जी मॅडम’ करण्यातच तुमचा जन्म गेला.

मी टेनिस शिकवते आता. रिंग रोडच्या पलीकडे एक मोठी खासगी शाळा आहे, तिथं असिस्टंट कोच आहे. बरकतपुऱ्याहून पहाटे निघते. निळे कोर्ट आहेत, दिवे आहेत, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायला वेगळा माणूस आहे. गेटवर हा एवढा मोठा फलक लावलाय, ‘आमच्या शाळेनं घडवलेले खेळाडू’ म्हणून. घडवले म्हणे! ज्याच्या बापानं सहाव्या वर्षी रॅकेट घेऊन दिली, घरी वेगळा कोच ठेवला, त्याला ह्यांनी घडवलं. राज्याच्या अकादमीचे निवड करणारे साहेब दरवर्षी आमच्याच शाळेत येतात, कारण कोर्ट आमचे चांगले. आमच्याच डायरेक्टरसोबत चहा पितात. पोरांची नावं शाळेच्या लेटरहेडवरून जातात. गौलीगुड्यासारख्या जुन्या वस्तीतल्या पोरीला ते आले कधी आणि गेले कधी हेसुद्धा कळत नाही. ह्यात कुणी लबाडी करत नाही बरं का. लबाडी करायची गरजच पडत नाही, ह्याचाच मला संताप येतो.

तुमच्या वेळेला तरी वेगळं काय होतं? तुम्ही पण एका बड्या शाळेतच होतात, मार्कर म्हणून. लहानपणी कुणी विचारलं, बाप काय करतो, तर मला सांगता यायचं नाही. पगारावर ठेवलेला खेळाडू, असं सांगावं तर लोक हसायचे. सकाळी मातीच्या कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, आणि मग शाळेची पोरं, त्यांचे आईबाप, कमिटीचे मेंबर, ज्याला जोडीदार नसेल त्याच्यासमोर उभं राहायचं. चेंडू त्याच्या हाताशी जाईल असा मारायचा. शेवटचा पॉइंट त्याला द्यायचा. पँटच्या उजव्या खिशात नवे चेंडू, त्यांच्यासाठी. डाव्या खिशात टक्कल पडलेले, तुमच्यासाठी. ‘मार्कर, बॉल!’ अशी हाक आली की तुम्ही पळत सुटायचात. तुमचं नाव त्या शाळेत किती जणांना ठाऊक होतं, देव जाणे.

संध्याकाळी कोर्ट रिकामं झालं की डाव्या खिशातल्या चेंडूंनी तुम्ही मला शिकवायचात. खरं सांगते, तुमच्यासारखं शिकवणारं मी आजवर पाहिलं नाही. पावसाळ्यात भिजलेले चेंडू तुम्ही घरी आणून चुलीच्या कडेला ओळीनं मांडून ठेवायचात, आणि आई भाकरी थापता थापता चिडायची, ‘भाकरीला लोकरीचा वास येतो की हो!’ पण एकदा मी तुमच्या एका मेंबरच्या पोराला जाळीजवळ हलकाच चेंडू टाकून धावत आणलं, तो धडपडला, आणि मी खदाखदा हसले. घरी आल्यावर तुम्ही मला उभं केलंत. ‘मेंबरला पळवायचं नसतं,’ म्हणालात. ‘त्याला वाटलं पाहिजे की आपण छान खेळलो. आपलं काम ते आहे.’ मी म्हटलं, मी थोडीच मार्कर आहे? तुम्ही बोललाच नाहीत. तुमचं ते गप्प बसणं मला कधी सोसलं नाही.

मी तेरा वर्षांची झाले, त्या साली तुमच्या शाळेच्या कोर्टावर खेळाडू निवडायची ट्रायल होती. सगळ्यांना खुली म्हणे, पण नोटीस लावली गेटच्या आत! तुम्ही प्रिन्सिपलसमोर हात जोडून उभे राहिलात आणि माझं नाव घालून घेतलंत. समोर आली तुम्हीच चार वर्षं शिकवलेली पोर, कमिटीच्या साहेबांची. मी पाच-दोननं पुढे होते बाबा. एक गेम, फक्त एक गेम, आणि माझं नाव यादीत गेलं असतं. चेंडू गोळा करून द्यायचं काम तुमच्याकडे होतं. तुम्ही चेंडू द्यायला जवळ आलात, आणि त्यानंतर मी एकही गेम जिंकले नाही.

त्या पोरीच्या आईनं खूश होऊन लेकीची जुनी रॅकेट मला दिली. तुम्ही म्हणालात, ‘मॅडमला थँक यू म्हण.’ मी म्हटलं. घरी येऊन ती रॅकेट मी मोरीत फेकली आणि आईला सांगितलं, ‘बाबांनी सोडायला सांगितलं. चेंडू देताना म्हणाले, सोड जरा.’ आई काय तापली त्या दिवशी! तवा खाली आपटला. ‘पोरीचं वाटोळं केलंत साहेबापायी. बापच आहात ना हो तुम्ही?’ तुम्ही मान खाली घालून जेवलात. मोरीतली रॅकेट उचललीत, पुसलीत आणि खुंटीला टांगलीत. आई महिनाभर तुमच्याशी धड बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण ते तिच्या मनातून गेलं नाही. मागच्या साली ती गेली, तोवर कुणी तुमचं कौतुक केलं की म्हणायची, ‘माणूस भला होता, पण लेकीला हरवलं त्यानं.’

आता माझ्या शाळेतलं ऐका. आमच्या इथं वर्ग झाडणाऱ्या एक आया आहेत. त्यांची पोरगी सरकारी शाळेत आठवीत आहे. दोन वर्षांपूर्वी ती कोर्टाच्या कडेला भिंतीवर चेंडू मारत होती, ते मी पाहिलं आणि तिला आत घेतलं. काय हात आहे बाबा तिचा! तुम्ही असता तर बघतच राहिला असता. डायरेक्टर पण खूश झाले. का? तर आमच्या फी भरणाऱ्या पोरांना सराव द्यायला फुकटची जोडीदार मिळाली म्हणून. तिला जुने बूट दिले, केळी दिली, उपकार केले. मी म्हटलं, हिला शाळेत घ्या ना, स्कॉलरशिप आहे की. तर म्हणे, स्कॉलरशिप रँकिंग असलेल्यांसाठी आहे. रँकिंग कसं येणार? स्पर्धा खेळून. स्पर्धेला कोण पाठवणार? शाळा. कपाळ माझं! दोन वर्षं मी डोकं आपटलं. शेवटी वैतागून डायरेक्टर म्हणाले, ‘अच्छा मॅडम, आमच्या नंबर एकला हरवलं तर पाठवू तिचं नाव.’

मागच्या शनिवारी सामना झाला. नंबर एक म्हणजे मॅनेजमेंटमधल्या एका साहेबांची मुलगी. साहेब स्वतः सावलीत खुर्ची टाकून बसले होते, शेजारी डायरेक्टर. आयाची पोरगी चार-एकनं पुढे गेली. समोरचीला ह्या टोकाहून त्या टोकाला असं पळवत होती की माझ्या अंगावर काटा आला. मग साहेब उठून उभे राहिले आणि फोनवर बोलत लांब गेले. डायरेक्टरनं माझ्याकडे एकदा पाहिलं. बस, इतकंच. कुणी मला एक शब्द बोललं नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट ह्याच महिन्यात संपतंय, हे मात्र मला त्या क्षणी आठवलं. कोर्टाची बाजू बदलताना मी पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘बेटा, थोडा छोड दे.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘हौ मॅडम,’ म्हणाली. का म्हणून विचारलंसुद्धा नाही. कशाला विचारेल? दोन वर्षं मीच शिकवत होते की तिला, चेंडू समोरच्याच्या हाताशी दे, त्यांना खेळू दे. हरली. डायरेक्टर टाळ्या वाजवत म्हणाले, ‘वेल ट्राइड.’ स्पर्धेची यादी सोमवारी गेली, तिच्या नावाशिवाय.

आणि आज सकाळी तिची आई झाडू बाजूला ठेवून माझ्यापुढे हात जोडून उभी. ‘माफ करो मॅडम, आप इत्ता लडे उसके वास्ते, और वो पोट्टी हार गई. बोलती, पाँव में गोला आ गया था. मैं बहुत मारी उसको.’ मारलं तिनं पोरीला! आणि पोरीनं मार खाल्ला, पण माझं नाव घेतलं नाही. आयाला ‘मारू नका हो’ एवढंच म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. डायरेक्टरवर चिडले, त्या साहेबावर चिडले, गेटवरच्या फलकाला लाथ मारावीशी वाटली. घरी येईपर्यंत सगळ्यांवर चिडून झालं. मग माझ्यापुढे चुलीजवळचे तुम्ही आलात, मान खाली घालून जेवणारे.

बाबा, त्या दिवशी कोर्टावर तुम्ही काहीच म्हणाला नव्हतात. तुम्ही जवळ आलात, उजव्या खिशात हात घातलात आणि मेंबरांसाठी ठेवलेला कोरा, नवा चेंडू माझ्या हातात दिलात. आयुष्यात पहिल्यांदा. मीच तुमच्या टोपीकडे पाहिलं, त्या पोरीच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, उद्या सकाळी तुम्हाला तिला सलाम करायचाय हे मनात आलं, आणि माझा मीच हात सैल सोडला. घरी आल्यावर हरल्याची लाज वाटली, म्हणून खोटं बोलले. पुढे इतक्या वेळा तेच सांगितलं, की मलाही खरं वाटायला लागलं. तुम्हाला ठाऊक होतं, मी खोटं बोलते आहे. आईचं एवढं ऐकून घेतलंत आणि मला खोटं पाडलं नाहीत.

हा कागद रॅकेटच्या बॅगेत ठेवते. पोराच्या हाती लागला तरी त्याला वाचता यायचा नाही. उद्या आधी आयाला गाठते, मग डायरेक्टरच्या ऑफिसात जाते. सोडायला मी सांगितलं होतं, हे दोघांच्या तोंडावर सांगणार आहे. कॉन्ट्रॅक्ट गेलं तर जाऊ दे. पण आईला काय सांगू? आई तर तुमच्यावरचा राग घेऊनच गेली.