सांगोचा पंख

लिंबे, ८ मार्च

चि. लियोंगास ताईचे अ. उ. आशीर्वाद.

आम्ही खुशाल, एक सांगो सोडून. त्याच्या उजव्या पंखाला सुपारीएवढी गाठ आली आहे. पोपट स्वतःच ती टोचून रक्त काढतो. डॉक्टर एनांगाबाई म्हणतात, पंखासकट कापावी लागेल. पण या वयाचा पक्षी गुंगीच्या औषधातून उठेलच असं नाही. नाही कापली, तर रक्त जातच राहील. तुझे भावोजी मोकुबे म्हणतात, तीस वर्षं बसून पामची फळं खाल्ली, आता म्हाताऱ्याला सुखाने जाऊ दे. दोघांचं कधी पटलंच नाही. पाहुण्यांसमोर यांच्या घोरण्याची नक्कल करतो ना!

मला काही सुचत नाही. बाबांनी पिल्लू आणलं ते तुझ्यासाठी. तू सांगशील तसं करीन. पेपर तपासायचे होते ही सबब मला पाठ आहे, तेव्हा लगेच लिही.

तुझी ताई,
नामोंडो

गारुआ, १७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पेपर बाजूला सारून लिहितोय, नोंद घ्यावी. माझं लग्न तू एका दुपारीत ठरवलंस, मला न विचारता. आणि पोपटासाठी माझा सल्ला? धन्य आहे.

पोपट माझा खरा, पण मी घर सोडल्यापासून तुझ्याच खांद्यावर वाढला. इतक्या लांबून हो म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणत नाही. तो अजून भांडतो का, एवढं बघ. भांडत असेल तर त्याला जगायचंय. नुसता डोळे मिटून बसत असेल, तर आपल्या हौसेसाठी कापू नकोस. आणि नाहीच उठला, तर मी तुला कधी बोल लावणार नाही.

भावोजींना नमस्कार. माया पोपटावर संपवू नकोस, थोडी इकडेही पाठव.

तुझा,
लियोंगा

लिंबे, २४ एप्रिल

चि. लियोंगास अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी सांगो भाजलेल्या सफूच्या फळावरून यांच्या बोटाला कडकडून चावला. मला रडू आलं. यांना वाटलं, बोटासाठी.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेलो. पिंजरा यांनीच उचलला; म्हणे, तू टॅक्सीत विसरशील. बराच वेळ गेला. मग बाई बाहेर येऊन म्हणाल्या, पंख काढला, पण पोपट अजून उठत नाही. मी बाकावरून हललेच नाही. हे आत जाऊन उभे राहिले. शेवटी सांगोने एक डोळा किलकिला केला. टॉवेलात गुंडाळून बाईंनी तो यांच्याकडेच दिला.

आता उडणं संपलं. सुरुवातीला उडायला जाऊन तोंडावर आपटायचा, बघवत नसे. हल्ली चालतो, घरभर, यांच्या मागे मागे. सुट्टीत वहिनींना घेऊन ये आणि बघ.

काल यांनी अंगणाच्या पायऱ्यांवर एक तिरकी फळी ठोकली. विचारलं, तर म्हणाले, “माझे गुडघे दुखतात.” फळी जेमतेम वीतभर रुंद आहे.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी ताई,
नामोंडो