स्टॉलवर दादाचा आवाज

प्रिय आई,

आधी चष्मा शोध, मग वाच. बाबांना नमस्कार सांग. मी बरी आहे. वेळेवर जेवते.

सध्या प्रदर्शनातल्या स्टॉलची धावपळ चालू आहे. आम्ही सगळे बिनपगारी हौशी. तरी टेबलावर कापड कुठलं घालायचं यावरून कचाकचा भांडलो. दादा असता तर म्हणाला असता, "अगं, उघड्या टेबलाला थंडी वाजत नाही."

स्टॉलवर त्याचाच कॉम्प्युटर प्रोग्राम ठेवतोय. बाबांची नजर गेली तेव्हा त्यांना पेपर वाचून दाखवायला त्याने स्वतःच्या आवाजात केलेला, तोच. आता तो कुणीही फुकट न्यावा, हवा तसा बदलावा. त्याचीच इच्छा होती ती.

परवा तो चालवून बघताना आमच्यातला एक म्हणाला, "प्रत्येक वाक्य संपलं की श्वास ऐकू येतो. काढून टाकू या का?" मी अशी अंगावर गेले की बिचारा चहा तसाच टाकून उठला. नंतर माफी मागितली. श्वास मात्र काढू दिला नाही.

दादा गेल्यापासून बाबांनी कॉम्प्युटर लावलाच नाही ना? अजून चादरीखालीच आहे? त्यांना रागावू नकोस. पण मग पेपर कोण वाचून दाखवतं? तुझेही डोळे दुखतात.

हेच पत्र मेलवरही पाठवलंय. बाबांच्या मनाची तयारी झाली की चादर काढ. दादाला वाचू दे.

मी वाक्यं मुद्दाम छोटी लिहिली आहेत.

तुमची,
धाकटी