दुसऱ्या दिवशीचा डबा

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. नमस्कार रागातच करते आहे. राग तुमच्यावर नाही, पण अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घ्या.

मागच्या पत्रात मी किती नाचले होते! आई बस चालवते आणि बाबा घर चालवतात, ही आपल्या घराची गोष्ट दिग्दर्शकांना आवडली. माझ्यासारख्या कपडेपटातल्या सगळ्यात धाकट्या मुलीचं ऐकून त्यांनी सिनेमाचा नायक तसाच केला. नमुना म्हणून मी तुमचा एप्रनही मागवला, आईच्या जुन्या गणवेशातून तुम्ही शिवलेला, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचा खिसा असलेला.

काल शेवटचा प्रसंग वाचला. चार टवाळ त्याच्या बायकोची छेड काढतात. नायक भांडी घासता घासता उठतो, एप्रन ओरबाडून शेगडीत टाकतो आणि चौघांना लोळवतो. बायको लगेच नोकरी सोडते आणि त्याला वाढायला उभी राहते! मी म्हटलं, हे खोटं आहे. दिग्दर्शक हसून म्हणाले, अगं, शेवटी तरी त्याला पुरुष होऊ दे. मी विचारलं, मग माझे बाबा कोण आहेत? मागून कुणीतरी म्हणालं, हिला दोन आया आहेत वाटतं. सगळं युनिट खिदळलं, बाबा. नायकाचं काम करणारा तर डोळे पुसत होता.

नवे एप्रन कोरे दिसतात, म्हणून तुमचाच जाळणार आहेत. पंधरा दिवसांनी शूटिंग आहे. घरातली पहिली पदवी, त्यावर मिळालेली पहिली नोकरी, सोडू का? गप्प तर बसवत नाही.

लोभ आहेच, सोबत थोडा धीरही पाठवा.

तुमची फटाकडी

९ फेब्रुवारी

चि. फटाकडीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आई पाय आपटत ड्यूटीवर गेली. आज तिच्या बसमधल्या लोकांचं काही खरं नाही.

मी शांत स्वभावाचा, असं तुला वाटतं. शांत कसला! तुला शाळेतून आणायला यायचो तेव्हा एप्रन खुंटीला टांगूनच बाहेर पडायचो, तरी तुझा मामा भर रस्त्यात विचारायचा, भाऊजी, बांगड्या कुठल्या मापाच्या आणू? अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण एका हातात तुझं दप्तर आणि दुसऱ्यात भाजीची पिशवी. मारायला हात रिकामा कुठे होता?

तुझ्या दिग्दर्शकाला माझ्यातर्फे एवढंच विचार. एप्रन जाळला, चौघांना लोळवलं, छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा कोण भरणार?

एप्रन परत हवा. उगाच भावुक होऊ नकोस, चिमट्यांना खिसा लागतो. नोकरीचं तूच ठरव. पदवी तुझी आहे, आम्ही नुसते फोटोत उभे होतो.

रागाच्या भरात जेवण चुकवू नये, ही विनंती आणि हुकूमही.

बाबा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. तुमचा प्रश्न मी भर सेटवर विचारला. दिग्दर्शक म्हणाले, सिनेमा तिथेच संपतो, त्याला दुसरा दिवस नसतो. मग मी एप्रन स्वतःच्या अंगात चढवला, नाड्या घट्ट बांधल्या आणि म्हटलं, आता जाळा.

कुणी हसलं नाही. मला बाहेरचा रस्ता दाखवला. मागाहून कळलं, एका नव्या एप्रनला चहाचं पाणी लावून जुना केला आणि तोच पेटवला. माझं नावही श्रेयनामावलीतून काढलं.

एप्रन पार्सलनं पाठवते आहे. खिशातला एक चिमटा मात्र ठेवून घेतलाय, मी लिहायला घेतलेल्या पटकथेच्या कागदांना. माझा सिनेमा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो.

माया अशीच राहू द्या, मी अजून धुमसते आहे.

फटाकडी

२ सप्टेंबर

चि. फटाकडीस,

आशीर्वाद. घरात पत्रं लिहायचं काम बाबांचं, पण हे मलाच लिहायचं होतं.

काल तो सिनेमा बघितला. मी ड्यूटीवरून परस्पर गेले, बाबा अंधारात येऊन शेजारी बसले. एप्रन पेटला आणि शिट्ट्यांनी छप्पर उडालं. दिवे लागले, बघते तर बाबांच्या अंगात एप्रन! पुढच्या रांगेतला तुझा मामा फिदीफिदी हसायला लागला. बाबांनी त्याला खणखणीत आवाजात विचारलं, ह्या हिरोच्या घरी उद्या डबा कोण भरणार? मामा म्हणाला, भरेल की बायको. तशी मी गणवेशातच उभी राहिले आणि म्हटलं, मग उद्या पहाटेची बस तू काढ. मामाशी मी बोलत नाही. तूही बोलू नकोस.

बाबा म्हणतात, घाईत एप्रन काढायचा राहिला. राहिला म्हणे! दाराशी कुणी आलं तरी आधी तो खुंटीला टांगणारा माणूस. घरापासून हॉलपर्यंत सगळा बाजार तसाच चालत आला. आणि परत जातानाही काढला नाही.

तुझ्या सिनेमात हे घाल. राग सांभाळून ठेव, आमची माया तर आहेच.

तुझी आई