घरमालकीण आणि मागचं दार

तीर्थरूप आई, पाया पडते. मी बरी आहे, जेवते-खाते.

घरमालकीण जीव लावते. सकाळी डबा दिल्याशिवाय सोडत नाही. मग देवाचं नाव घेऊन दवाखान्याच्या फाटकावर पाटी धरून उभी राहते. 'गर्भपात म्हणजे खून.' निवडणूक लागल्यापासून तिथे गर्दी वाढलीय, पुढारीही येतात. मी तिथेच आत नर्स आहे हे तिला ठाऊक नाही. मी मागच्या दाराने जाते.

परवा एक पोरगी फाटकापर्यंत आली आणि गर्दी बघून माघारी फिरली. काल तिला उचलून आणलं. घरीच कुणीतरी पोट पाडायला नको ते केलं होतं. ती वाचली नाही.

संध्याकाळी मालकीण म्हणाली, "डबा तसाच? बरं नाही का गं?" कपाळाला हात लावून बघितलं तिने.

आई, तू लिहिलंस, धाकटी जेवत नाही, सकाळी उलट्या करते, विचारलं की रडते, बाबा आता तिला फोडून काढणार आहेत. त्यांना आवर. दार लावून तिला जवळ बसव. काहीही निघालं तरी ओरडू नकोस, गाडीत बसवून दे. तिला फाटकाकडे जायची गरज नाही, मी स्टेशनवर उभी असेन.

तुझी थोरली