उणे चाळीसचे बूट

९ एप्रिल
बाहेर अजून घोट्याभर बर्फ, पण दुकानातला बुटांचा हंगाम संपला. दोन जोड घेतले. योनासला निळे, ट्रीनाला गडद लाल. निम्म्याहून कमी किंमत. आत सुटं लोकरी अस्तर, जाड तळ, लेबलवर थंडीचा आकडा, ‘उणे चाळीस’. पोरांचे पाय वाढणार, म्हणून दोन नंबर मोठे घेतले. ऑक्टोबरमध्ये सगळं गाव दुकानापुढे धक्के खात असेल तेव्हा मी घरी कॉफी पीत असेन.

लेबलवर माझा विश्वास नाही. मागच्या बुटांवरही उणे चाळीसच लिहिलं होतं. जानेवारीत योनास शाळेतून आला तेव्हा उजव्या पायाची दोन बोटं मेणासारखी पांढरी. नर्सने फोनवर सांगितलं, कोमट पाण्यात पाय ठेवा आणि वाट बघा. तासाभराने बोटं लाल झाली. त्या तासाबद्दल इथे लिहीत नाही. नंतर कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर नाही. म्हणजे गुन्हा कबूल.

(अस्तर आदल्या दिवसापासून ओलंच होतं, पण तो मुद्दा वेगळा.)

९ एप्रिल, जेवणानंतर
बूट लपवले. माझी मोठी नणंद एल्फ्रीडा बरण्या मागायला येते आणि थेट तळघरात उतरते. तिला पाच नातवंडं. म्हणजे दहा पाय. सावध राहिलेलं बरं.

बूट एका साध्या खोक्यात भरले, वरून चिकटपट्टी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘जुनं सामान. चर्चला द्यायचं.’ असल्या खोक्याला कोण हात लावतंय? शिवाय चारही बुटांच्या जिभेखाली लाल दोऱ्याचा एक टाका घातला. उद्या चोरी झालीच तर ओळख पटवता येईल.

लॉर्नला सांगितलं नाही. नवरा म्हणून तो चांगला आहे, पण बहिणीपुढे त्याच्या पोटात काही राहत नाही.

१४ जून
लॉर्नने आपणहून तळघर आवरलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं. ट्रकमध्ये खोकी भरून चर्चला टाकून आला. मी विचारलं, काय काय दिलंस. तो म्हणाला, तू ज्याच्यावर द्यायचं म्हणून लिहिलं होतंस तेच, बाकी कशाला हात लावला नाही बाई. फारच सरळ उत्तर. माणूस इतकं सरळ बोलतो तेव्हा काहीतरी लपवत असतो. बहुतेक मासेमारीच्या होडीला नवं इंजिन घेतलंय. लक्ष ठेवायचं.

२ ऑक्टोबर
सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ. विजयी मनाने तळघरात गेले. खोकं नाही.

बाकी सगळं जागेवर आहे. फक्त तेच खोकं नाही. म्हणजे चोराला आत काय आहे ते ठाऊक होतं.

संशयित: १. एल्फ्रीडा. ३ सप्टेंबरला बरण्यांसाठी खाली गेली आणि चार मिनिटं वर आली नाही. मी स्वतः बरणी आणून पाहिली. पाऊण मिनिट लागलं. २. तळघरातली घर तापवणारी भट्टी दुरुस्त करणारा. त्याला पोरं आहेत का ते विचारायला हवं. ३. लॉर्न. पण त्याचा पाय बारा नंबरचा.

लॉर्नला सहज म्हणावं तसं विचारलं, एक खोकं दिसलं का. तो म्हणाला, वर काय लिहिलं होतं? मी सांगितलं नाही. तेवढं सांगितलं की झालं, संध्याकाळी एल्फ्रीडाला कळणार.

५ ऑक्टोबर
चर्चच्या तळघरात आज बुटांचं टेबल मांडलं. दरवर्षी मांडतात. लहान झालेले आणून ठेवायचे, लागतील ते न्यायचे, कुणी काही विचारायचं नाही. टेबल एल्फ्रीडा सांभाळते. म्हणून मी गेले नाही. दुसऱ्यांनी काय आणलं, काय नेलं हे जिला सगळं कळतं तिच्यासमोर मी बूट उचलणार नाही.

१२ ऑक्टोबर
दुकानातून नवे बूट आणले. पूर्ण किंमत. लेबलवर उणे चाळीस. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, ही परीक्षा कुणी घेतली? ती म्हणाली, कंपनीने घेतली असेल ना काकू. मी म्हटलं, तू तिथे होतीस का? ती नव्हती.

यंदा परीक्षा मीच घेणार.

१३ ऑक्टोबर
दुपारी एकला मोठ्या फ्रीजरमधले सॉसेज बाजूला सारून योनासचे बूट आत ठेवले. एका बुटात थर्मामीटर. पाच तासांनी काढलं. बुटाच्या आत उणे अठरा. फ्रीजरमध्येही उणे अठरा. म्हणजे बुटाने काडीचंही काम केलं नाही.

लॉर्न म्हणाला, अगं, आत पाय कुठे होता? ऊब पायाची असते, बूट ती नुसती धरून ठेवतो. तू रिकाम्या घरात ब्लँकेट टाकून ते तापायची वाट बघतेयस. नवरा कंपनीच्या बाजूने बोलतोय. का, ते कळत नाही.

ट्रीनाने विचारलं, सॉसेजला बुटांचा वास येईल का. तिला बारीक विचार करता येतो. माझ्यावर गेली आहे.

१४ ऑक्टोबर
दोन्ही जोड परत केले. कारणाच्या रकान्यात ‘परीक्षेत नापास’ लिहिलं. मुलीने वाचलं आणि मान खाली घालून कितीतरी वेळ शिक्का शोधत राहिली. शरम वाटली असावी.

२७ ऑक्टोबर, रविवार
चर्चमध्ये काहीतरी शिजतंय. तीन बायका माझ्याकडे बघून हसल्या. पास्टरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, वर्ना, असं मन सगळ्यांना लाभत नाही. कसलं मन? मी आभार मानून निसटले. एल्फ्रीडा कॉफीच्या टेबलामागून टक लावून बघत होती. जवळ येऊन म्हणाली, पोरांच्या बुटांचं झालं ना गं तुझं? विचारते कशी बघा. मी म्हटलं, केव्हाच. आणि तिच्या कॉफीला हात न लावता घरी आले.

९ नोव्हेंबर
रात्रभर बर्फ पडला, आता तो टिकणार. परत दुकानात. मुलांच्या बुटांचं फडताळ रिकामं. एका वर्षाच्या बाळाचे होते आणि लॉर्नला बसतील असे होते. त्याच मुलीने सांगितलं, नवा माल जानेवारीत. काकू, ते उणे चाळीसवाले सगळ्यात आधी संपले. चेहऱ्यावर आनंद होता की नाही ते सांगता येत नाही. होता.

पुढच्या गावात फोन केले. तिथेही नाहीत. हा योगायोग नाही.

१८ नोव्हेंबर
तात्पुरती योजना. पावसाळी रबरी बूट, दोन मोजे, मोज्यांवर पावाच्या पिशव्या. लॉर्नची आई असंच करायची आणि तिची सहाही पोरं दहा बोटांनिशी मोठी झाली. योनासला पिशव्या आवडल्या. चालताना कुरकुर वाजतात. शाळेत म्हणे दोघांनी त्याला ‘सँडविच’ म्हटलं. त्याला तेही आवडलं.

ट्रीनाने पिशव्या दिसू नयेत म्हणून मोजे वर ओढले. ते मी पाहिलं.

२१ नोव्हेंबर
उणे चोवीस. उणे सत्तावीसपर्यंत शाळा पोरांना मधल्या सुट्टीत बाहेर काढतेच. योनास घरी आला आणि दारातच म्हणाला, आई, बोटं झोपलीत.

कोमट पाणी. टब. मी खाली बसून पाय धरून राहिले. बोटं गुलाबीच होती. नुसती गार. तो गाणं म्हणत होता. त्याला जानेवारी आठवतही नाही.

उद्या याचा सोक्षमोक्ष लावायचा.

२२ नोव्हेंबर
सकाळी पोरांबरोबर शाळेत गेले. नाताळच्या कार्यक्रमाचं विचारायला, असं सांगितलं. खरं कारण: वर्गाबाहेर बुटांची रांग असते. अख्ख्या गावातला चोरीचा माल तिथे पायांवर चालत येतो.

आणि निळे बूट होते. योनासच्या रबरी बुटांना अगदी खेटून.

आजूबाजूला कुणी नाही हे पाहून एक उचलला. जीभ मागे ओढली. लाल दोरा. दुसराही उचलला, बोट आत घातलं. लाल दोरा. मग लाल बूट शोधायला मोठ्या वर्गाच्या रांगेकडे गेले, निळे काखेत धरून.

तिथे योनासच्या बाई उभ्या. म्हणाल्या, मिसेस रायमर, काही हरवलंय का? मी म्हटलं, पुरावा. त्या म्हणाल्या, तो जेरिकोचा बूट आहे, त्याला खेळायला जाताना लागेल.

जेरिको बाउतिस्ता. उन्हाळ्यात गावात आलेलं कुटुंब. आई मारिसेल कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करते, मुलाच्या मोठ्या बहिणीचं नाव लीरा. ट्रीना तिच्याशेजारी बसते. ट्रीनाला विचारलं, लीराचे बूट कसले गं? ती म्हणाली, लाल. चर्चच्या टेबलावरून मिळाले. मी तुला ऑक्टोबरातच सांगणार होते, पण तू फ्रीजरमध्ये होतीस.

चर्चचं टेबल. म्हणजे एल्फ्रीडा.

२२ नोव्हेंबर, दुपार
एल्फ्रीडाच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. कोट काढला नाही. सगळं बोलले. तारीख, चार मिनिटं, पाऊण मिनिट, लाल दोरा.

ती पीठ मळत होती. थांबली नाही. म्हणाली, झालं का? मग हात पुसून आतून खोक्याचं एक झाकण घेऊन आली. तिने त्यावर टेबलाची यादी ठेवली होती. यादी उचलून दाखवली. खाली माझं अक्षर. जुनं सामान. चर्चला द्यायचं.

म्हणाली, लॉर्न जूनमध्ये टाकून गेला. मी उघडलं तर नवे कोरे बूट, लेबलसकट. मला वाटलं, वर्नाला यंदा देव भेटला. अख्ख्या चर्चला सांगितलं मी. पास्टरांना सांगितलं. तरी शंका आली म्हणून त्या रविवारी विचारलं, पोरांच्या बुटांचं झालं ना तुझं, तर नाक वर करून केव्हाच म्हणालीस. आणि माझी कॉफी तशीच टाकून गेलीस. ते मला जास्त लागलं बघ.

मी खुर्चीवर बसले.

तिने विचारलं, मारिसेलकडे शब्द टाकू का? बाई समजूतदार आहे. परत देईल.

सकाळी शाळेच्या खिडकीतून जेरिकोला पाहिलेलं आठवलं. तो पोरगा बर्फाच्या ढिगावर चढून उतरत होता, आणि दरवेळी खाली आला की आपल्या पायांकडे बघायचा. बूट आहेत ना, असं.

मी नको म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. ते बूट तसेही परीक्षा न घेतलेले होते.

२३ नोव्हेंबर
मारिसेल येऊन गेली. हातात शेवयांचं मोठं ताट, वर लिंबाच्या फोडी, पोरांसाठी अंडी वेगळी. रात्रपाळीवरून आली होती, डोळे लाल. एल्फ्रीडाने माझं नाव सांगितलं म्हणे. ती म्हणाली, दीदी, मी इथे आले तेव्हा मला सगळ्यात भीती याचीच होती, पोरांच्या पायांची. आणि तुम्ही तर नवे दिले, आमचं तोंडही न बघता. दोरासुद्धा लावलेला, नशिबाचा. तो मी काढणार नाही.

मी म्हटलं, त्यात काय एवढं.

लॉर्न मागे उभा होता. त्याला खोकला आला. खोकला नव्हता तो.

शेवया चांगल्या होत्या. योनासने तीनदा घेतल्या. मी संशयाने एकदा घेतल्या आणि मग दोनदा.

२४ नोव्हेंबर, रविवार
एल्फ्रीडा जेवायला आली. बरण्या मागायला नाही. पिशवीत दोन जोड. तिच्या नातीचे जांभळे, ट्रीनाला. आणि योनासला तपकिरी, टोकं घासून पांढरी झालेली, पण अस्तर बोटभर जाड. लेबल कधीच गळून गेलंय. किती उणे, काही लिहिलेलं नाही. टेबलावर ठेवलेच नव्हते मी हे, म्हणाली, कुणीतरी अडेल म्हणून मागे ठेवले होते.

विचारावंसं वाटलं, कुणीतरी म्हणजे कोण. विचारलं नाही.

लॉर्नने फ्रीजरकडे बोट दाखवून विचारलं, ठेवू का आत? एल्फ्रीडाला कळलं नाही. तो सांगू लागला. मी वाढायला उठले.

२ डिसेंबर
उणे एकतीस. शाळेने आत ठेवलं, पण बसपर्यंतचं चालणं होतंच, आणि घरी आल्यावर योनास तासभर अंगणात खणत बसला. आत आला, बूट काढले. मी बोटं धरली. गरम. घामट. वाससुद्धा आला.

अस्तरात हात घातला. आतून ओलं. बाहेरून मुळीच कळत नाही.

मागच्या जानेवारीत मी हात घातला नव्हता. दमले होते. बूट दारातल्या ट्रेमध्ये तसेच ठेवले आणि सकाळी तसेच त्याच्या पायात चढवले. मागच्या बुटांवरचं लेबल खोटं नव्हतं. कंपनीला पुन्हा पत्र लिहायला हवं. बघू.

अस्तरं काढून गरम हवेच्या जाळीवर वाळत घातली. चारही. मग बुटाच्या गळ्याशी आत काय लिहिलंय ते दिव्याखाली वाचलं. पेनाने लिहिलेली एल्फ्रीडाच्या नातवांची नावं, एकाखाली एक. रूडी, खोडलेलं. बेंजी, खोडलेलं. थिओ, खोडलेलं. त्याखाली मी लिहिलं: योनास. जरा बारीक अक्षरात, खाली अजून एक नाव मावेल असं.